डावीकडची खुर्ची

अण्णांनी दुकानातलं प्लॅस्टिकचं स्टूल उचललं, त्या भल्यामोठ्या स्क्रीनच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवलं आणि त्यावर बसून मान उजवीकडे वळवून बघू लागले.

“काका, तिथनं न्हाई. इथं मधे बसायचं,” फिरोज म्हणाला. दुकानात मॉनिटर दाखवण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्याने लाल-काळ्या रंगाची, मानेला उशी असलेली चाकांची खुर्ची मोठ्या अदबीने पुढे ढकलली.

“मधे बसून बघितलं की मघाशी.”

“मग? कसं वाटलं?”

“ब्येस.”

“मग आता तिथनं काय बघताय?”

“इथनं कसं दिसतंय, ते.”

फिरोजने माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघितलं. फोनमध्ये माझा धाकटा भाऊ सुहास होता. बंगळूरला ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तो व्हिडिओ कॉलवरून ह्या खरेदीवर देखरेख करत होता.

“अक्का, फोन सरळ धर ना. मला नुसता पंखा दिसतोय. अण्णांना तो कर्व्हड दाखवला का?”

“तोच बघतायत.”

“मग घेऊन टाका. त्याच्यात बसलं की गेमच्या आत बसल्यासारखं वाटतं.”

अण्णा स्टुलावरून उठले. “हा नको. इथनं अर्धी गाडी दुमडल्यागत दिसतीय.”

“काका, तो वाकडाच असतोय,” फिरोज म्हणाला. “वाकडा हाय म्हणून तर भारी.”

“वाकडं भारी असतंय होय? मग आमचा चुलता लई भारी माणूस म्हणायचा,” असं म्हणून अण्णांनी स्टूल उचललं आणि पुढच्या मॉनिटरच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवलं.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी आम्ही कराडहून कोल्हापूरला आलो होतो ते केवळ ह्या एका कामासाठी. अण्णा, म्हणजे माझे वडील रामचंद्र बाबर, एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी कराड-चिपळूण रस्त्यावर काढली. कुंभार्ली घाट त्यांना आमच्या घराच्या जिन्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. जिन्यावर ते दोनदा पडले, घाटात कधीच काही झालं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांना मिळाला होता आणि तो दिवाणखान्यात देवांच्या फोटोशेजारी, देवांच्या किंचित वर लावलेला होता.

निवृत्त झाल्यावर त्यांना काय करावं ते सुचेना. सकाळी उठून दाढी करायचे, बूट घालायचे आणि मग बूट काढून बसायचे. त्यातच सुहास बंगळूरला गेला. तिथली खोली लहान, म्हणून त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर कराडलाच राहिला. एकदा सुट्टीवर आलेला असताना तो त्यावर गाडी चालवायचा गेम खेळत होता. अण्णा भाजीची पिशवी हातात घेऊन दारात थांबले. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “चढाला तिसऱ्यात कशाला नेतोयस? इंजिन बोंबलतंय.”

“तुम्हीच चालवा मग,” सुहास म्हणाला.

भाजीची पिशवी तिथेच दारात राहिली. संध्याकाळी आईने ती शोधून काढली तेव्हा कोथिंबीर मान टाकून बसली होती.

सुरुवातीला गेममधले रस्ते परदेशातले होते. स्टिअरिंग डाव्या बाजूला, गाड्या उजवीकडून. अण्णा दोन दिवस वैतागले. “ही काय चालवायची रीत झाली? सगळं गावच्या गाव राँग साइडनं निघालंय.” मग सुहासने शोधाशोध करून कुणा हौशी पोरांनी बनवलेला एक नकाशा त्यात बसवला. त्यात आपल्याकडच्यासारखा घाट होता, कडेला पांढरे दगड होते, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली तांबडी बस होती. गावं खोटीच होती, पण अण्णांनी परस्पर त्याला कुंभार्ली ठरवून टाकलं. सुहासने त्यांना खरंखुरं गोल स्टिअरिंग आणि पायातले पेडल आणून दिले आणि घरात पुन्हा ड्युटी सुरू झाली.

अण्णा आंघोळ करून, चष्मा पुसून, स्टिअरिंगला नमस्कार करूनच बसायचे. मधेच उठायचे नाहीत. एकदा गॅसवाला दारात बेल वाजवत होता तर हे आतून ओरडले, “घाटात हाय! माथ्याला पोचू द्या!” बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा राहिला. आई म्हणायची, “निरोपाचा नारळ घेतला, पण ड्युटी काय सुटली न्हाई. माझा जन्म सगळा ह्यांची वाट बघण्यात चाललाय. आता तर माणूस घरात असून वाट बघायची.”

आणि मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, “काच बारकी पडतीय.”

काच म्हणजे मॉनिटर. सुहासचा जुना मॉनिटर खरंच लहान होता. सुहासला तर आनंदाचं भरतं आलं. त्याने एवढी माहिती पाठवली की माझा फोन अडकायला लागला. एवढ्या इंचाचा, तेवढ्या रिझोल्यूशनचा, सेकंदाला इतकी चित्रं दाखवणारा. अण्णांच्या अटी मात्र साध्या होत्या. मोठा पाहिजे. लांबची पाटी वाचता आली पाहिजे. आणि तिसरी अट त्यांनी सांगितलीच नाही. ती आम्हाला दुकानात, त्या स्टुलामुळे कळायला लागली.

दुसरा मॉनिटर सरळ होता, वाकडा नव्हता.

“हा एकदम फास्ट,” फिरोज म्हणाला. “गोळीबाराचे गेम खेळणारी पोरं हाच नेत्यात.”

अण्णा डावीकडे बसले, जरा पुढे झुकले, जरा मागे झाले. “आमाला गोळीबार करायचा न्हाई. इथनं बस पांढरी पडलीय बघा. तांबडी हाय ती.”

“काका, मधनं बघा. मधनं तांबडीच दिसतीय.”

“मधनं दिसतीय हो. इथनं दिसंना.”

“पण इथनं कोण बघणार हाय?”

 अण्णांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. “न्हाई. पांढरीच.”

तिसरा मॉनिटर आला. चौथा आला. फिरोजने प्रत्येकाला दुकानातलं स्टिअरिंग आणि आमचा गेम जोडून दिला. येताना पेन ड्राइव्ह घेऊन या, असं सुहासने बजावलं होतंच. प्रत्येक वेळी अण्णा मधे बसून एक वळण घ्यायचे, मग उठून डावीकडे बसायचे. शेवटी ते मला म्हणाले, “वृषाली, तू चालव. मी इथनं बघतो.”

“मला कुठं येतंय?”

“सरळ रस्ता हाय. नुसतं धरून ठेव.”

मी धरून ठेवलं. बस सरळ गेली, रस्ता वळला. बस दरीत गेली तेव्हा दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही आमच्या मागे येऊन उभी होती आणि त्यांच्यातलं कुणीतरी “अरारारा” म्हणालं. अण्णांना त्याचं काहीच वाटलं नाही. दरीत पडतानाचे रंग डावीकडून कसे दिसतात, तेच ते बघत होते.

“बरं, आता तू इथं बस,” त्यांनी स्टुलावर थाप मारली. “मी चालवतो.”

मी बसले. अण्णांनी बस दरीतून वर आणली आणि घाट चढायला लागले. दोन-तीन वळणं झाली. मग त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता हळूच विचारलं, “पोटात काय होतंय का?”

“कुणाच्या?”

“तुझ्या. ढवळल्यागत?”

“मला कशाला ढवळेल? सकाळी नुसता शिरा खाल्लाय.”

“डोकं? डोकं गरगरतंय?”

आता माझंच डोकं गरगरायला लागलं, पण ते वेगळ्या कारणाने. मी कराडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे आजार हाताळून मला घरच्या माणसाच्या शिंकेतसुद्धा रिपोर्ट दिसतो. मी त्या दुकानात उभी राहून सगळं जुळवायला लागले. एका बाजूलाच बसायचं. मान एकीकडेच वळवायची. रंग फिके दिसतात म्हणायचं. पोटात ढवळतं का, गरगरतं का, म्हणून दुसऱ्याला विचारायचं, म्हणजे स्वतःला होत असणार. एका डोळ्याची नजर गेली असली तर? मेंदूत काही झालं असलं तर?

“सुहास, तुला नंतर फोन करते,” मी म्हणाले.

“अगं पण रिफ्रेश रेट विचारलास का?”

मी फोन ठेवला. “अण्णा, चला. चहा घेऊन येऊ.”

“बघून तर होऊ दे.”

“आधी चहा.”

दुकानाच्या बाजूलाच एक टपरी होती. आम्ही बाकड्यावर बसलो. चहा येईपर्यंत मी त्यांच्या डोळ्यांसमोर बोट धरलं.

“हे दिसतंय?”

“बोट हाय.”

“उजवा डोळा झाका आणि सांगा.”

“वृषाली, काय चाललंय?”

“मी विचारते ते सांगा. हात वर करा दोन्ही. हसून दाखवा.”

“का हसू? मला काय झालंय हसायला?”

“अण्णा, खरं सांगा, तुम्हाला डावीकडचं नीट दिसत नाही का? माझ्यापासून लपवू नका. इथंच मोठ्या दवाखान्यात दाखवू. लगेच.”

नुकताच आलेला चहाचा कप अण्णांनी बशीसकट बाकड्यावर आपटला. अर्धा चहा बशीत आला. “डोळ्याला कशाला काय होईल? त्या समोरच्या रिक्षाचा नंबर वाचून दाखवू?” आणि त्यांनी खरोखर वाचून दाखवला. रिक्षा बरीच लांब होती. मला वाचता आला नाही.

“मग हे स्टूल घेऊन काय चाललंय सकाळपासून?”

 बशीतला चहा अण्णांनी पुन्हा कपात ओतला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. टपरीवाला आमच्याकडे बघत नाही याची खात्री केली. मग अगदी हळू आवाजात, चोरी केल्यासारखं म्हणाले,

“तिथं तुझी आई बसणार.”

मला आधी कळलंच नाही. “कुठं?”

“डाव्या अंगाला. पॅसेंजर डावीकडं बसतंय न्हवं? ड्रायव्हरच्या बाजूला.”

“आई गेम खेळणार?”

“खेळणार कशाला? बघणार.” कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेले अण्णा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. “लगीन झालं तेव्हा एकदाच बसली ती माझ्या गाडीत. मी म्हटलं, चल, चिपळूण दाखवतो, घाट दाखवतो. केबिनच्या मागच्याच सीटवर बसवली. नवी साडी, हातात गजरा. पाटण गेलं, कोयनानगर गेलं. घाटमाथा आता आला, इतक्यात मागनं कंडक्टर बोंबलला. हिनं ओकून गजरा, साडी, माझी टोपी, सगळं भरवून ठेवलेलं.”

मी हसू दाबलं.

“हसू नको. गाडी थांबवली. तोंड धुवायला पाणी दिलं. तर म्हणाली, मी पुढं येत न्हाई. समोरनं नारायण मोहिते चिपळूण-कराड घेऊन आला, त्याच्या गाडीत बसवून परत लावून दिली. तिथनं जी भ्याली, ती भ्याली. माझी नोकरी सपली, पण माझ्या गाडीत पाय ठेवला न्हाई. एसटीनं माहेराला जाती, विट्याला. तिकडं सरळ रस्ता हाय. घाट म्हटलं की न्हाई.”

“हे मला कधी कुणी सांगितलंच नाही.”

“सांगायसारखं काय हाय त्यात?” अण्णांनी चहाचा घोट घेतला. “पण घाटमाथ्याला गाडी आली ना, की सकाळच्या पारी सगळं कोकण खाली धुक्यात असतंय. आपण वर. खाली नुसता कापूस. मग ऊन येतंय अन् एकेक डोंगर वर निघतोय. रोज बघायचो आणि रोज वाटायचं, सीट मोकळी हाय, अन् हिला काय दिसलं न्हाई. मग मी म्हटलं, घरातच बसून दाखवावं. गाडी काय हलणार न्हाई. हललीच न्हाई तर उलटी कशाची होईल? पण आपली काच बारकी. तिथनं बसलं की सगळं काळंकुट्ट दिसतंय. अन् तिला पाट्या वाचायची सवय. विट्याला जाताना दुकानाची एक पाटी सोडत न्हाई. म्हणून म्हटलं, मोठी घ्यावी, चांगली घ्यावी.”

मी उठून चहाचे पैसे दिले. 

“आईला सांगू नको,” ते म्हणाले. “आणि सुहासला तर अजिबात न्हाई. ते पोरगं गावभर करंल.”

दुकानात परत आल्यावर मी फिरोजला बाजूला घेतलं आणि फक्त एवढंच सांगितलं, की बघणारी माणसं दोन आहेत, आणि त्यातलं एक डावीकडे बसणार आहे, आणि त्या माणसाला प्रवासात त्रास होतो.

“अस्सं सांगा की मग मघाशीच!” फिरोजने कपाळावर हात मारला. “मी आपला मधे बसणारा एकच माणूस धरून चाललोय. त्याला आयपीएस लागतोय.”

“आयपीएस?” अण्णा दचकले. “पोलिसातला?”

“पॅनेलचं नाव हाय काका. बाजूनं बघितलं तरी रंग बदलत न्हाई.”

“मग साहेबांना बोलवा बाहेर.”

साहेब खोक्यातून बाहेर आले. प्रचंड होते. सरळ, सपाट, आणि इतके स्वच्छ की बसच्या काचेवरचे पाण्याचे थेंब मोजता यावेत. फिरोज समजावत होता, चित्र भराभर बदललं की हालचाल मऊसूत होते, डोकं कमी दुखतं, पोटात ढवळत नाही. अण्णा ऐकत नव्हते. ते स्टुलावर बसून डावीकडून तांबड्या बसकडे बघत होते. बस तांबडीच होती. लांब वळणावर एक पाटी होती. अण्णांनी ती ओठ हलवत वाचली आणि म्हणाले, “बांधा.”

सुहासला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “वा! शेवटी माझंच ऐकलंत.”

घरी खोकं उघडल्यावर आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “हे काय? भिंत दिसंना झाली. आता कॅलेंडर कुठं लावू?”

आता अण्णांनी तिला हाक मारायला हवी होती. मला वाटलं, आत्ता म्हणतील, शालन, जरा इथं बस. ते नुसते स्टिअरिंग पुसत राहिले.

त्यांनी एक केलं. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणली आणि आपल्या डावीकडे ठेवली.  दुसऱ्या दिवशी आईने त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवले. अण्णांनी ते उचलून पलंगावर ठेवले. नंतर तिथे धान्याचं सूप आलं, मग लोकरीचे गुंडे, मग शेजारच्यांची मांजर. अण्णा प्रत्येक वेळी खुर्ची मोकळी करायचे आणि घाट चढायला लागायचे. मी शेजारच्याच गल्लीत राहते. रोज संध्याकाळी येऊन बघायचे. खुर्ची कधी भरलेली असायची, कधी रिकामी, पण आई तिच्यावर नसायची.

“अण्णा, सांगा की तिला सरळ.”

“सांगून बसली तर त्यात काय हाय?” ते म्हणायचे. एवढा मोठा घाट चढवणारा माणूस एवढंसं वाक्य बोलायला घाबरत होता.

मग एका रविवारी स्वयंपाकघरातला पंखा बंद पडला. आई मेथीची जुडी आणि परात घेऊन बाहेर आली आणि पंख्याखाली म्हणून नेमकी त्या खुर्चीवर बसली. मी पलंगावर बसले होते. अण्णांची मान ताठ झाली. बस घाटात होती.

आई मेथी निवडत होती. एकदा तिने वर बघितलं, परत खाली. परत वर बघितलं. मग तिचे हात थांबले.

“हे कुठं आलं?” तिने विचारलं.

“घाट हाय,” अण्णा म्हणाले. 

वळण आलं. अण्णांनी ते झोकात घेतलं. सगळं कोकण स्क्रीनवरून सर्रकन फिरलं. दुसरं वळण, तिसरं.

“थांबवा!” आई ओरडली. “थांबवा, थांबवा!”

अण्णांनी ब्रेकवर उभंच राहिल्यासारखा पाय दाबला. मी धावत मोरीतून बादली आणली. अण्णांचं तोंड पांढरं पडलं होतं. “वृषाली, पाणी आण! लिंबू बघ! शालन, डोळं मीट, डोळं मीट!”

“डोळं कशाला मिटू?” आई म्हणाली. “पाटी होती ती. वाचू द्याल का न्हाई? काय लिहिलं होतं?”

“तुला... तुला काय होईना?”

“मला काय हुतंय?”

“पोटात?”

आईने माझ्या हातातली बादली बघितली. मग अण्णांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मग तिने परात खाली ठेवली, जसं काही आता बोलायचं ते दोन्ही हात मोकळे ठेवूनच बोलायला हवं होतं.

“अहो, मला गाडी लागत न्हाई,” ती म्हणाली. “तुमची गाडी लागती.”

खोलीत गेममधल्या इंजिनाची घरघर तेवढी चालू होती.

“म्हंजे?” अण्णा म्हणाले.

“म्हंजे काय म्हंजे? वळण आलं की असं फेकताय माणसाला इकडनं तिकडं. आत्ता खुर्चीवर बसले तरी मी हँडल शोधायला लागले. त्या दिवशी तुमच्या गाडीतनं उतरले, मोहिते भाऊजींच्या गाडीत बसले, आणि कराड येईस्तवर पेरू खात आले. काय सुद्धा झालं न्हाई.”

“पण तू घाटात...”

“घाटाला काय हुतंय? बचतगटाबरोबर गणपतीपुळ्याला गेले की आंबा घाटानं. समुद्र बघितला. घोडागाडीत पण बसले.”

“गणपतीपुळ्याला?” अण्णांनी स्टिअरिंग सोडलं. “तू नरसोबाच्या वाडीला गेली होतीस! पेढे आणले होतेस वाडीचे!”

“कराडच्या स्टँडवर घेतले.”

मला एकदम आठवलं, त्या वर्षी आमच्या घरात एवढी आमसुलं कुठून आली होती, हे कुणालाच कळलं नव्हतं.

“मग सांगितलं का न्हाईस?” अण्णांनी विचारलं. ओरडले नाहीत. खरंच विचारलं.

आईने पदराने तोंड पुसलं. “काय सांगू? मी पुळ्याला गेले त्याच साली तुमचा बिल्ला आला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. घरी येऊन म्हणू, ह्या माणसाच्या गाडीत बसलं की आतडी तोंडाला येत्यात? तुमी भरधाव न्यायचा, पण गाडीला कधी ओरखडा उठू दिला न्हाई. लोक नाव घ्यायचे. म्हटलं, जाऊ दे. मलाच लागती म्हणायचं.”

अण्णांनी मान त्या मोठ्या स्क्रीनकडे वळवली. बस ब्रेक मारलेल्या जागी, रस्त्यात आडवी उभी होती. मला वाटलं, आता हे उठून जातील, आठवडाभर बोलणार नाहीत.

“जाधव कंडक्टर,” ते शेवटी म्हणाले, “रोज ड्युटीवर येताना पिशवीभर लिंबं घेऊन चढायचा. पॅसेंजरला वाटायचा.”

“मग?”

“मला वाटायचं, त्याची बाग हाय.”

आईला हसू फुटलं. मीही बादली घेऊन उभ्या उभ्याच हसायला लागले. अण्णा आधी हसले नाहीत. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतके ते हसले. हसता हसता दोनदा “बाग!” म्हणाले.

“सरका जरा तिकडं,” आई म्हणाली. तिने खुर्ची अण्णांच्या खुर्चीला टेकेल इतकी जवळ ओढली आणि परात परत मांडीवर घेतली. “आता न्या. पण माणसं बसलीत म्हणून न्या. पोती भरल्यागत नको.”

अण्णांनी चष्मा घातला. बस सरळ केली, पहिला गिअर टाकला आणि निघाले. इतके हळू, की मला गेम अडकलाय असं वाटलं. वळण आलं, तर बस त्याच्याभोवती गाईसारखी फिरली. पाटी आली. आईने ती मोठ्याने, अक्षर लावून वाचली. गाव खोटं होतं, पण तिला ते आवडलं. मग झाडं मागे पडली, घाटमाथा आला, आणि खाली नुसते डोंगरच डोंगर पसरले.

“अगंबाई,” आई म्हणाली आणि मेथीची काडी हातात धरून तशीच बसली.

अण्णांनी गाडी आणखी हळू केली. गेममध्ये वेळ चुकली की मार्क कापले जातात. स्क्रीनच्या कोपऱ्यात काहीतरी तांबडं लुकलुकायला लागलं, पण त्यांनी तिकडे बघितलंच नाही. मागे ट्रक साचले होते आणि हॉर्नवर हॉर्न देत होते. आवाज फारच झाला तेव्हा अण्णांनी उजवा हात खुर्चीबाहेर काढला, थेट आमच्या कपड्यांच्या कपाटापर्यंत, आणि तळवा सावकाश हलवत मागच्या सगळ्यांना पुढे जायला सांगितलं.